लावणीचा कागद

ते प्रकरण माझ्या डोक्यातून जाणं शक्य नाही, कारण त्यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलो होतो. तीस-बत्तीस वर्षं खात्यात काढलेला अधिकारी असं सहसा लिहून देत नाही. पण आता निवृत्त झालोय, मेमो द्यायला वर कुणी उरलेलं नाही, तेव्हा जसं घडलं तसं सांगतो. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून त्याच गावात एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात.

जुलै महिना होता. मी तेव्हा कर्नाटकातल्या निपाणी भागात पोलीस सर्कल इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी घेतली, रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडलं आणि स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. हायवे सोडून चार-पाच किलोमीटर आत एक गाव आहे, तिथल्या हॉटेलवाल्याचा फोन. माणूस जुना खबऱ्या. खबऱ्याची माझी परीक्षा सोपी आहे. जो फोन केल्याबरोबर माझ्या तब्येतीची चौकशी करतो, त्याच्याकडे बातमी नसते, त्याचं काहीतरी काम असतं. हा कधी नमस्कारसुद्धा घालत नसे.

"साहेब, बिगीनं या. कंपनीची मानसं कुंपनाचं खांब रवायला आल्यात, आन् आक्का खड्ड्यात हाय."

"पडली?"

"पडंल कशाला? बसलीया. उठंना झालीया."

बाईमाणसाचा मामला, म्हणून एक महिला कॉन्स्टेबल बरोबर घेतली आणि निघालो. रानात पोचलो तर पंधरा-वीस माणसं गोल करून उभी. मधे ढबू मिरचीची कोवळी रोपं, वीतभर वाढलेली, आणि त्यांच्या सरळ ओळीत मधोमध खणलेला खड्डा. खड्ड्यात गुडघाभर पावसाचं पाणी. काठावर बसून, पाण्यात पाय सोडून, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली साठीची एक बाई. गावात सगळे तिला आक्काच म्हणत. रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती बसली होती, आणि कंपनीचा सुपरवायझर तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

सुपरवायझरनं माझ्या हातात फाईल दिली. स्टॅम्पपेपर होता, मजकूर कन्नडमध्ये. मुदत तीस वर्षं. खाली देवनागरीत मोठ्या अक्षरांत सही.

मी खाली वाकून विचारलं, "आक्का, ही सही तुमचीच ना?"

"व्हय. माझीच."

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाय. पन म्या लावणीच्या कागदावर सही केली. रान दिल्यालं न्हाय."

मी मथळा पाहिला. कन्नडमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, लावणी करारपत्र. म्हटलं, "मग भांडण कसलं? लावणीचाच कागद आहे हा." वर आणखी चार शब्द सुनावले. सही करायची आणि मग आडवं यायचं हे बरोबर नाही, उठला नाहीत तर उचलून जीपमध्ये घालावं लागेल, वगैरे. पोलिसाला ही वाक्यं पाठ असतात, ती तोंडातून आपोआप बाहेर पडतात.

तिनं माझ्याकडं वर बघितलं. "तुमी बी त्यातलंच व्हय?" एवढंच म्हणाली आणि उठली. दोन बायकांनी तिला हात दिला. मला वाटलं, पाच मिनिटांत मामला मिटवला. परत येताना मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो, हे कबूल करतो.

आता मूळ गोष्ट काय होती ते सांगायला हवं. त्या पट्ट्यात सरकारनं कृषी विकास क्षेत्र करायचं ठरवलं होतं. कल्पना माझ्या मते वाईट नव्हती. आमच्या भागात रान तुकड्यातुकड्यांनी विभागलेलं. एकाचे पंधरा गुंठे, दुसऱ्याचं एकर, मधे बांध आणि बांधावर भांडण. बांधाच्या मारामाऱ्यांवर तर आमची निम्मी पोलीस ठाणी चालतात. असे तुकडे सलग जोडायचे, एका कंपनीला लांब मुदतीनं द्यायचे, कंपनीनं तिथं शेडनेट, शीतगृह, माल निवडायची शेड उभारायची आणि मालकाला दरवर्षी भाडं द्यायचं. तंबाखूवरचा भार कमी व्हावा, हाही एक हेतू. अट अशी की क्षेत्र सलग पाहिजे आणि प्रत्येक मालकाची लेखी संमती पाहिजे. ते संमतीचे कागद येत्या सोमवारी जिल्ह्याच्या समितीपुढे जाणार होते. आम्ही आक्काला खड्ड्यातून उठवलं तो गुरुवार. कंपनीनं घाईनं खांब आधीच रोवायला घेतले होते.

आक्काचं रान एकर आणि दहा गुंठे. नेमकं त्या सलग क्षेत्राच्या मध्यभागी, विहिरीसकट. यादीत एकदा नाव चढलं की रस्ते, नळ, शेड सगळं त्या नकाशावर बसणार. तो कागद नोंदणी न केलेला, कोर्टात उभा राहिला नसता. पण कोर्टाचा निकाल येईपर्यंत विहीर बुजवून वर रस्ता झालेला असतो, हे मला वकिलांपेक्षा जास्त माहीत आहे.

त्याच गुरुवारी दुपारी दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलावलं होतं. सुपरवायझरनं अडवणुकीचा अर्ज दिला. आक्कानं बाकावर बसून जबाब दिला.

"तीस वर्सं विड्या वळल्या, तवा ह्यो तुकडा घेतला. मालक गेलं. पोरगं पुन्याला कंपनीत हाय, त्येला सवड न्हाय. मी आन् म्हस, एवढंच आमी. ह्यो बाबा म्हनतोय कागद तीस वर्सांचा हाय. तीस वर्सांनी मी सरगातनं बघाय येऊ काय? आन् तवर म्हशीला काय कागद खाऊ घालू?"

"मग सही केली कशाला?"

"नर्सरीवालं अण्णा आलतं. ढबूच्या तरूचं दोन ट्रे घेऊन. म्हनलं, आक्का, सरकारची योजना हाय, लावणीच्या कागदावर सही करा. वाचून बी दाखवलं. सगळ्यांनी केली, मी बी केली. झेरॉक्स देतो म्हनलं, अजून पत्त्या न्हाय."

हे नर्सरीवाले अण्णा गावातले प्रतिष्ठित. तंबाखूचं, मिरचीचं, वांग्याचं तरू, म्हणजे लावायची रोपं, सगळा परिसर त्यांच्याकडून घ्यायचा. सह्या गोळा करायचं काम कंपनीनं त्यांच्यावर सोपवलेलं. मी जबाब लिहून घेतला आणि फाईलमध्ये ठेवून दिला. सही केल्यावर मला माहीत नव्हतं म्हणणारी माणसं मी इतकी पाहिली होती की कान निबर झाले होते.

शुक्रवारी सकाळी हजेरीनंतर तीच महिला कॉन्स्टेबल टेबलापाशी आली. मुलगी जांबोटीच्या बाजूची.

"सर, चार दिवस रजा पायजे होती. घरात लावणी हाय."

शेजारी आमचा स्टेशन रायटर बसला होता. धारवाडकडचा, कन्नड एकदम झकास, मराठी मोडकं पण बेधडक. तो हसला. "लावणीला रजा कशाला बाई? लावणी केलं की काम संपलं. आमचं तीन एकर लावणीला दिलंय. चार वर्स झालं, मी बांधसुद्धा बघितला न्हाई."

"मग रोपं कोन लावतंय?"

"ज्यानं लावणी घेतला तो. मला काय त्याचं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग दोघांनाही हसू आलं. मला आलं नाही. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

मी खानापूर तालुक्यातला. लहानपणी पोटरीभर चिखलात उभं राहून भाताची लावणी केलीय मी. लावणी म्हणजे रोपं लावणं, हे मला कुणी शिकवायला नको. आणि आमच्या भागातल्या कन्नडमध्ये लावणी म्हणजे जमीन खंडानं दुसऱ्याला कसायला देणं, हेही मला माहीत होतं. तसल्या कागदांवर मी शंभर वेळा शेरे मारलेत. एकच शब्द दोन खिशांत ठेवून मी तीस वर्षं हिंडलो आणि दोन्ही खिशांत एकदम हात कधी घातला नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिसरीच लावणी आठवेल, तिचा इथे संबंध नाही.

आक्का बाजारापुरतं कन्नड बोलते, पण कन्नड अक्षर तिला वाचता येत नाही. जमीन देण्याघेण्याची भाषा तिच्या घरात मराठीच, आणि मराठीत त्याला ती खंड म्हणते. तरूचे ट्रे हातात देऊन कुणी लावणीचा कागद म्हटल्यावर तिनं दुसरं काय समजायचं होतं? बाई काल खरं तेच बोलत होती. आणि मी, दोन्ही भाषा येणारा शहाणा, तिला जीपमध्ये घालायची धमकी देऊन आलो होतो. मला माझी लाज वाटली.

पण लाज वाटून तपास होत नाही. शब्दाचा घोळ हा गुन्हा नाही. नर्सरीवाल्याचाही तसाच घोळ झाला असेल तर तो सुटला. फसवणूक सिद्ध करायची तर त्याला दोन्ही अर्थ माहीत होते आणि त्यानं मुद्दाम एक लपवला, हे दाखवायला हवं. आक्काला बोलावून तिच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला, कंपनीच्या कचेरीतून सह्यांचे मूळ कागद पंचनामा करून ताब्यात घेतले. कागद तेरा होते. रजा मागणाऱ्या पोरीला म्हटलं, "रजा मंजूर. पण आज एक काम करून जा. साध्या कपड्यात गावातून फिर. कुणाला काही विचारू नकोस. या तेरा घरांपैकी कुणाच्या सोप्यात रोपांचे रिकामे ट्रे पडलेत, तेवढं बघून ये."

संध्याकाळी ती आली. "सर, नऊ घरांत ट्रे हायत. चार घरांत न्हाईत."

"ती चार घरं कुणाची?"

"दोन जैन व्यापाऱ्यांची, एक मास्तरांचं, एक पंचायतीत काम करणाऱ्याचं. सर, त्या चौघांस्नी बी कन्नड वाचता येतंय."

पोरगी हुशार. मी विचारायच्या आधीच तिनं तेही बघून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी त्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी मी स्वतः गेलो. तिथले आप्पा सत्तरीचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. विचारलं, नर्सरीवाले तुमच्याकडे आले तेव्हा नेमकं काय म्हणाले? आप्पा म्हणाले, "काय म्हननार? आप्पा, रान तीस वर्सं खंडानं द्या म्हनला. मी म्हनलो, दहा. आन् विहीर देनार न्हाय. तसं लिवून आनला, मग सही केली." मी ताब्यातले कागद पुन्हा पाहिले. आप्पांचा कागद दहा वर्षांचा, विहीर वगळून. बाकी तिघांचेही दहा-दहा वर्षांचे. आणि ट्रेवाल्या नऊ घरांचे झाडून सगळे तीस वर्षांचे, जे काय रानात असेल त्याच्यासकट.

दुपारी नर्सरीवाले अण्णा ठाण्यात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर काही नाही. चौकशीत मी आवाज चढवत नाही. चहा मागवतो आणि माणसानं घरून जे पाठ करून आणलेलं असतं ते त्याला पूर्ण म्हणू देतो. मधे अडवलं की माणूस सावध होतो. अण्णांचं पाठांतर तासभर चाललं.

"शब्द न् शब्द वाचून दाखवला, साहेब. लावणी लिवलंय, लावणी वाचलं. एक अक्षर खोटं बोललो असलो तर जीब झडंल."

"खरं आहे. एक अक्षर तुम्ही खोटं बोलला नाहीत."

त्यांचे खांदे सैल झाले. चहाचा घोट घेतला.

"अण्णा, जमीन दुसऱ्याला वर्षाच्या बोलीनं कसायला देतात, त्याला आपल्या मराठीत काय म्हणायचं?"

"खंड." उत्तर झटकन आलं. माणूस शेतीतलाच.

"आप्पांना काय म्हणालात?"

कप खाली ठेवला.

"आक्कांना काय म्हणालात?"

ते खिशात रुमाल शोधू लागले.

"आप्पांना खंड आणि आक्कांना लावणी? कागद तर एकाच मथळ्याचे आहेत. आणि वर तरूचे ट्रे नऊ घरांत. आप्पांच्या घरी का नाही दिले?"

मी दुसरा चहा सांगितला. तो आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "खंड म्हनलो असतो तर आक्का इचारली असती, किती वर्सं? मग घरोघर त्येच सुरू झालं असतं. सोमवारपतोर जमलं नसतं, साहेब. क्षेत्र सलग झालं तर समदं तरू कंपनी माझ्या नर्सरीतनं घेनार, असं ठरलंतं."

रायटर जबाब कन्नडमध्ये टाईप करत होता. मधेच थांबला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, इथं कुठलं लावणी लिहू?" खोलीत अण्णा होते, नाहीतर मी मोठ्यानं हसलो असतो. म्हटलं, दोन्ही लिही, आणि दोन्हींचा अर्थ लिही.

पोलिसापुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला नीट माहीत होतं. पण आप्पांचा जबाब चालतो, दोन वेगवेगळ्या मुदतींचे कागद चालतात आणि नऊ घरांतले ट्रे चालतात. त्याच संध्याकाळी कागद तपासात असल्याचं पत्र मी समितीकडे खास माणूस देऊन पाठवलं. सोमवारी समितीनं ती नऊ रानं यादीतून बाजूला ठेवली. दोषारोपपत्रही मी निवृत्त होण्याआधी वेळेत दाखल केलं. पुढचं काम न्यायालयाचं, त्यावर मी बोलणार नाही.

महिला कॉन्स्टेबल रजेवरून परतली, तिला घेऊन बुधवारी मी आक्काच्या घरी गेलो. गणवेशात गेलो, मुद्दाम. अंगणात चारचौघं होते. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी मी चुकलो."

"चुकलासा खरं," ती म्हणाली. "पन परत आलासा न्हवं." आणि सुनेला सांगावं तसं महिला कॉन्स्टेबलला सांगितलं, "जा गं, आत दूध हाय, साहेबास्नी च्या ठेव."

दोनेक आठवड्यांनी कृषी खात्याचा एक तरुण अधिकारी नव्यानं संमती घ्यायला गावात आला. सभा शाळेत होती. बंदोबस्ताची गरज नव्हती, तरी मी गेलो. या वेळी मजकूर मराठीत वाचला गेला आणि मुदत दहा वर्षांवर आली होती. मी त्या अधिकाऱ्याला एकच विनंती केली होती: समजलं का, असं विचारू नका, त्यावर सगळे माना डोलावतात. काय समजलं ते ज्याच्या त्याच्या तोंडून ऐका. पोरगा चांगला, त्यानं तसंच केलं. नऊपैकी सहा जणांनी खुशीनं रान दिलं. काहींना वय झालं होतं, काहींची पोरं शहरात, त्यांना ते सोयीचं होतं. या योजनेचा खरा फायदा घेणारी अशी माणसं असतात, हेही मला लिहिलं पाहिजे.

आक्काची पाळी आली. तिनं सगळं घडाघडा सांगितलं. किती वर्षं, भाडं कधी मिळणार, विहिरीचं पाणी कुणाचं, मुदत संपल्यावर रान कसं परत मिळणार. एक मुद्दा अधिकाऱ्याकडून वाचायचा राहिला होता, तोही तिनंच विचारला. तो खूश झाला आणि पेन पुढं केलं.

"समदं कळलं, बाळा. चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "आता मी न्हाय म्हंते."

त्यानं फॉर्म वरून खाली पाहिला, पान उलटलं, पुन्हा सरळ केलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, यात नकाराचा रकानाच नाही."

मी इतकी वर्षं संमतीपत्रं पाहिली, ते माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. म्हटलं, "मागची बाजू कोरी आहे."

आक्कानं कागद उलटा केला, शाळेच्या बाकावर ठेवला आणि एकेक अक्षर काढत लिहिलं, माझं रान मी देत न्हाय. खाली सही केली. त्यानं कागद हातात घेतला, वाचला आणि फाईलला लावला, मागची बाजू वर ठेवून.

नोकरी उरली होती तेवढ्या काळात माझ्यापुढे सहीच्या तक्रारी पुष्कळ आल्या. निवृत्तीनंतरही लोक कागद घेऊन येतात. सही तुमचीच का, हा प्रश्न मी आता सगळ्यांत शेवटी विचारतो. आधी विचारतो, नको म्हणायचं असतं तर तुम्ही ते या कागदावर कुठं लिहिलं असतं? बहुतेक जण कागद उलटून बघतात.